मुद्दल

पहाटे साडेपाचला पांडवलेणीच्या पायऱ्या आमच्या.
पोलीस भरतीच्या आम्ही आठ-नऊ पोरी,
खाली हायवेवर मुंबईकडे निघालेले कांद्याचे ट्रक,
अंबडच्या रात्रपाळीचे दिवे अजून पिवळे.
वर पोचलं की गुडघ्यांवर हात ठेवायचे
आणि श्वास मोजायचे.
इथे श्वास मोजत बसणारे पूर्वीही होते म्हणे,
त्यांना कुणी शिट्टी मारत नव्हतं.

गेट उशिरा उघडतं. पण गांगुर्डे मामा
आम्हाला पोटच्या पोरींसारखे आत घेतात,
म्हणतात, मूर्तींना हात लावू नका, बाकी बसा कुठेही.
त्यांचे आजोबा आषाढात इथे शेळ्या बांधायचे.
एका खोलीला तेव्हा
नुसतं 'मोठ्या शेळीची खोली' म्हणत.

माझी पार्वता आत्या लग्नाआधी इथे तांदूळ वाहायला यायची.
ही धर्मराजाची जागा, ही भीमाची,
आणि हा दगडी ओटा द्रौपदीचा, बाई दमायची ना.
आत्याला कुणी दुरुस्त केलं नाही.
तक्षशिला पगारेच्या घरचे बुद्धपौर्णिमेला
पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घालून चढतात,
तिची आई प्रत्येक पायरीला टेकते, उठते.
तक्षशिला मला म्हणाली होती, तो भीम नाही गं.
मी म्हटलं, माहितेय.
मग आम्ही एकाच बाटलीतलं पाणी प्यायलो.

एका भिंतीवर हिशेब कोरलाय.
मामांना ती लिपी येत नाही,
पण एका संशोधक बाईंनी बोट फिरवत वाचला
तेव्हापासून त्यांना तो पाढ्यासारखा पाठ आहे:
कुणा राजाच्या जावयाने
गोवर्धनच्या विणकरांकडे पैसे ठेवले,
दोन हजार, महिन्याला शेकडा एक दराने.
त्या व्याजातून वीस भिक्षूंना चिवरं,
माणशी बारा नाणी.
मुद्दल परत मागायचं नाही. कधीच.
अक्षयनीवि, असा शब्द आहे तिथे.
मामा तो शब्द जपून उच्चारतात,
दुसऱ्याचं काचेचं भांडं धरल्यासारखा.

मला हसू आलं.
दादांचे एक लाख ऐंशी हजार
आमच्या कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत अडकलेत.
शटरवर नोटीस, नोटिशीवर पानाची पिंक,
दर मंगळवारी दादा पासबुक घेऊन जातात
आणि शटर बघून येतात.

मामा म्हणाले, विणकर तरी कुठे राहिले?
तेव्हाही एखाद्या वर्षी कापड आलंच नसेल.
एखादा भिक्षू ह्याच उंबऱ्यावर
विटलेलं चिवर सावरत उभा असेल,
गोवर्धनच्या वाटेकडे बघत.
आज नाही तर उद्या,
सणाची गडबड असेल,
सूत महागलं असेल.

नंतर दोघंही बोललो नाही.
पुढे कुणी शेजारी तीर्थंकर कोरले,
कुणी पांडव आणून बसवले,
कुणी खिळ्याने 'मयूर ♥' लिहून बदाम अर्धा ठेवला.
डोंगराने कुणाला हिशेब विचारला नाही.
का विचारावा, हेही मला नीट कळत नाही.
मुद्दल म्हणजे काय, तो दगड,
की दगड काढून टाकल्यावर उरलेली
ही एक माणूस झोपेल एवढी जागा?

पोटरीत गोळा आला.
सरळ ओट्यावर आडवी झाले,
तक्षशिला पाय ताणून धरत म्हणाली,
आठशे मीटरला असं झालं तर गेलीस कामातून.
पाठीखाली दगड गार,
मधोमध थोडा खोलगट,
माझ्या आधीच्या पाठींनी झिजलेला.
उन्हाची एक पट्टी दारातून आली,
बुटांपाशी थांबली.

मामांनी किल्ल्या वाजवल्या.
उठा पोरींनो,
आता तिकिटवाले येतील.