शेवटच्या बाकावरून

मारबतीचा दुसरा दिवस.
पोरांच्या घशातून मिरवणूक अजून उतरली नव्हती.
निपाने मॅडमनी फळ्यावर भागाकार मांडला,
तर खिडकीकडून एक आवाज –
‘भागाकार घेऊन जा गे मारबत!’
अख्खी चौथी खिदळली.
मीही. वही तोंडापुढे धरून.

मॅडम हसल्या नाहीत.
नोकरीला जेमतेम दोन महिने,
पदराला चार पिना,
आवाज शिडीवर चढवून ठेवलेला.
आणि शेवटच्या बाकावर मी,
गुडघे फळीला घासत,
‘मार्गदर्शक शिक्षक’ या रकान्यात
मुख्याध्यापकांनी टाकलेलं नाव.
निवृत्तीला सगळ्यात जवळ मीच,
एवढीच पात्रता.

सतरा भागिले पाच.
मी लिहिलं: फळ्याशी बोलतात.
मी लिहिलं: अक्षर बारीक.
माझं पेन हललं की
त्यांचा खडू अडखळायचा.
हे तिसऱ्यांदा ध्यानात आलं,
तेव्हा टोपण लावलं.

एकोणनव्वद साली, पाचपावलीत,
मी एका पोराला थापड मारली होती.
नाव आठवतं. सांगत नाही.
शेजारच्या वर्गातून उमाठेबाई आल्या,
मला एक शब्द बोलल्या नाहीत.
पोराला हापशीवर नेलं,
तोंड धुऊन, पदरानं पुसून
जागेवर आणून बसवलं.
मग दारातूनच म्हणाल्या,
‘सर, तुम्हीबी धुऊन या.
मी पाहतो वर्ग.’
हापशी मीच हापसली, मीच धुतलं.
एका हातानं हापसत दुसऱ्यानं तोंड धुवायला
किती वेळ लागतो,
हे बाईंना ठाऊक असणार.

‘तीन वेळा पाच. बाकी दोन,’ मॅडम म्हणाल्या
आणि खाली रेघ मारली.
मोईन उभा राहिला.
‘मॅडम, हे जे दोन उरले,
त्याचं का करायचं?’

पुस्तकात हे नाही.
बेचाळीस डोक्यांवरून त्यांनी
माझ्याकडे पाहिलं.
उत्तर माझ्याकडे होतं,
छत्तीस वर्षांचं, घडी घालून ठेवलेलं:
ते पुढच्या वर्गात, बस खाली.
पेन पडलं नव्हतं,
तरी मी ते उचलायला वाकलो.

बाकाखाली कुणीतरी कर्कटकानं
कोरून ठेवलं होतं – ‘साहिल’, आणि एक पतंग.
मी पतंग पाहत राहिलो.
वर्ग गप्प.
फक्त पंख्याची कटकट.

मग वरून आवाज आला,
शिडीवरून खाली उतरलेला,
घरात बोलतात तसा:
‘तांडापेठेत आमच्या बाबांचा माग होता.
लुगडं विणून उतरवलं की
फणीत जुन्या ताण्याची टोकं उरायची.
हातभर. विणायच्या कामाची नाही.
पण ती कापायची नाही कोणी.
नवा ताणा त्याच टोकांना बांधायचा,
बोटांना राख लावून, एकेक धागा.
मी बांधायची.
माझी बोटं बारीक होती ना.’

‘मंग हे दोन?’
‘राहू दे. पुढं कशाला तरी बांधू.’
मोईन बसला. पटलं की नाही, कुणास ठाऊक.
त्यानं वहीत दोनाभोवती
गोल मात्र काढला.

मधल्या सुट्टीत त्या आल्याच,
डबा न उघडता.
‘सर, काय काय चुकलं?’
मी म्हणालो, अक्षर मोठं काढा,
शेवटच्या बाकावरून पाच आणि सहा सारखेच दिसतात.
‘आणखी?’
आणखी काही सुचेना.
म्हणालो, ती गाठ कशी मारायची, दाखवता?

त्यांनी ओढणीच्या काठाचे दोन धागे
माझ्या बोटांत दिले – नाही, ओढणी मुलीची होती,
दाराशी ठेवलेली, तिला विचारूनच घेतले.
राख नव्हती, खडूची भुकटी चालली.
असं वळवा, असं दाबा, नाही सर, उलटं.

पहिल्या वेळी सुटली.
दुसऱ्या वेळी धागाच तुटला.
मॅडम हसल्या, पोटातून,
जून उजाडल्यापासून पहिल्यांदा.
तिसरी गाठ जरा बसतेय असं वाटलं,
तेवढ्यात घंटा झाली.

फॉर्म सोमवारी द्यायचा आहे.