रिकामी सम

टायरच्या दुकानामागं, ओकलंडला,
फ्रीजएवढ्या अ‍ॅम्प्लिफायरला टेकून
एलिहिओ बेस लावतो. बोटांना अजून
डबाबंद पीचच्या कारखान्याचा वास.

रामिरो गिटार घेऊन येतो. बघत नाही.
व्हॅन विकल्यापासून दोघांत
अक्षर नाही.

कोंगा सुरू होतो.
बेस समेवर येतच नाही,
आधीच एक पाऊल टाकून मोकळा होतो
आणि समेची जागा सोडून देतो,
उशिरा येणाऱ्यासाठी
पाट मांडून ठेवावा तशी.

गिटार तावातावानं भांडते,
वरच्या तारेवर एकच सूर ताणते, ताणते:
गाडीचे पैसे, आईचं औषध,
कोण खरं, कोण खोटं.
बेस ऐकून घेतो. हूं म्हणतो. पुन्हा हूं.
चार खोल सुरांत
सगळा हिशेब.

मग गिटार दमते
आणि त्या रिकाम्या पाटावर
मुकाट येऊन बसते.

कोंगावाली ओडिलिया हसते,
तिचा एक ठोका चुकतो.

वाजवून झाल्यावर, केबल गुंडाळता गुंडाळता,
रामिरो म्हणतो,
'तुझी तिसरी तार उतरलीय.'
सात महिन्यांतलं पहिलं वाक्य.

एलिहिओ खुंटी पिळतो.
'आता?'