गल्लीची रुंदी

काल्हेर-पूर्णा रस्ता, गाळा नंबर सी-सतरा.
आतून इतका रिकामा, की संघराजकाने कॅटलॉग मिटला
त्याचा आवाज छपराच्या पत्र्यापर्यंत गेला,
तिथे थोडा रेंगाळला आणि परत आला.

तो म्हणाला, मॅडम, तुम्ही जमीन घेत नाही आहात,
उंची घेताय.
भाडं चौरस फुटाचं. वरची हवा फुकट,
साडेनऊ मीटरपर्यंत.

वाक्य मला आवडलं. वहीत लिहून घेतलं.
खाली लिहिलं: हवेचे पाय कुठे टेकणार?

एक मांडणी अशी, की प्रत्येक पॅलेटला स्वतःचं दार.
हवं ते काढा, हवं तेव्हा;
पण निम्मा गाळा गल्ल्याच खातात.
दुसरीत फोर्कलिफ्ट थेट रॅकच्या पोटात शिरते,
मागून पुढे माल रचत येते.
जागा चिक्कार वाचते.
फक्त आधी गेलेला शेवटी बाहेर पडतो.

आमचा माल म्हणजे तान्ह्या बाळांचं नाचणीसत्त्व,
डब्याच्या बुडाला तारीख.
मला दिसला तो पहिला डबा,
अकराव्या ओळीत, भिंतीला पाठ लावून,
पुढे नव्यांच्या रांगा लागताना बघत
आठ महिने सभ्यपणे थांबलेला.
माझी थोरली बहीण अशीच थांबली होती,
आमची सगळ्यांची लग्नं उरकेपर्यंत.
संघराजकाला मी एवढंच म्हटलं,
नको. तारखेचा माल आहे.

बरं, म्हणाला, मग पहिलीच, पण सहा थर.

हिराजी केणी तोवर बोलला नव्हता.
जुन्या गाळ्यात रॅक नव्हते.
थप्प्या होत्या, आणि कुठली थप्पी कुठे हे हिराजीला पाठ होतं.
त्याने खिशातून बेअरिंगमधली गोळी काढली,
उकिडवा बसला, ती लादीवर ठेवली
आणि बोट उचललं.

गोळी आधी विचारत विचारत निघाली,
मग पत्ता ठाऊक असल्यासारखी
थेट ईशान्येच्या खांबाकडे.

"हितं खाजण होतं," हिराजी म्हणाला.
"भराव अजून बसतोय. त्याला घाई नाय."

संघराजकाने मोबाइलवर हिशेब केला.
तळहाताएवढ्या पत्र्यावर, एकेका पायाखाली, सहा टन.
पुन्हा केला. तेवढेच आले.
पायांखाली चकत्या घालू, असं तो म्हणाला खरं,
पण कॅटलॉगकडे बघत.

छेडाशेठचा फोन आला.
किती पॅलेट बसतात?
कमी.
कमी म्हणजे?
चौदाशेच्या जागी नऊशे वीस. चार थर. तो कोपरा मोकळा.
मग पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली,
बराच वेळ,
आणि फोन नुसताच बंद झाला. म्हणजे हो.

दुपारी खडूने गल्ल्या आखल्या.
इर्शादने रिकामी गाडी दोन रेघांमधून फिरवली,
काट्यांवर नसलेलं पॅलेट नीट सांभाळत,
वळणावर ओठ दाबून.
"चार बोटं जास्त द्या," म्हणाला.
मालाला?
"मालाला बस्स आहे. चौथ्या थराकडे बघताना
मान मागे जाते ना, तिला."

चार बोटांनी एक पूर्ण रांग गेली.
मी खडू पुसला, पुन्हा ओढला.
छेडाशेठला आकडा कळवायचा राहूनच गेला.

गुरुवारी लोखंड आलं. निळे खांब, नारिंगी आडवे दांडे.
प्रत्येक घराला नंबर: ब, चार, तीन.
हिराजी नंबर वाचत नाही.
त्याच्यासाठी ती सरळ इर्शादच्या मानेची गल्ली आहे,
आणि नवी पोरंही आता तसंच म्हणतात.
पाटी मात्र त्याने स्वतःच्या हाताने ठोकली:
एका थराला दोन हजार किलो, जास्त नाही.

गोळी अजून त्या मोकळ्या कोपऱ्यात असते.
दर सोमवारी मी ती उचलून मधोमध ठेवते
आणि ती निघेपर्यंत आवकपावत्या फाडत बसते.
या सोमवारी ती जरा सावकाश निघाली.
किंवा माझ्याकडे पावत्या कमी होत्या.