काना आणि वेलांटी

मी बोर्ड रंगवणारा माणूस. चिकोडीत दुकान होतं,
एका भिंतीवर मराठी नमुने, एका भिंतीवर कन्नड.
अक्षरांपलीकडचं मला फारसं कळत नाही.
पण पाच्छापुरे डॉक्टरीणबाईंचं विचारलंत,
तर पायापासून सांगावं लागेल.

नऊ वर्षांचा होतो. उजव्या घोट्यावर फोड,
आत कुणी निखारा ठेवल्यासारखा.
पायऱ्यांच्या विहिरीत पाय सोडून बसलं की बरं वाटायचं.
तिथूनच तो गावभर जात होता,
हे कुणाला ठाऊक?

मग फोडातून पांढरा दोरा डोकावला,
आणि एसटीतून बाई उतरल्या,
कॅनव्हासचे बूट, पत्र्याची पेटी.
काडेपेटीतली काडी घेतली, गुल मोडून टाकला,
दोऱ्याचं टोक काडीला गुंडाळलं.
"रोज एवढंच," करंगळीचं नख दाखवून म्हणाल्या,
"ओढलास तर तुटंल. तुटला तर पाय सुजंल, रवळू."
एकवीस दिवस गुंडाळत होतो.
हातभर निघाला.

आम्ही त्याला नारू म्हणायचो.
खालच्या गल्लीत नारु हुण्णु.
पाण्याला ते नीरु म्हणतात.
हातात ब्रश आल्यावर एक दिवस दिसलं:
काना पुसून वेलांटी दिली
की नारूचं पाणी होतं.
बाई तीस वर्षं तेवढंच करत फिरल्या,
रायबाग, हुक्केरी, अथणीच्या उन्हात.

विहीर जक्कव्वाची. तिच्या पाण्याला दोष कोण देणार?
बाईंनी पेला भरून उन्हात धरला.
बारीक ठिपके नाचत होते.
"देवीची लेकरं ती," पुजारीण बसव्वा म्हणाली.
बाईंनी वाद घातला नाही.
"मग देवीला तरी गाळून पाजा की,
लेकरं तिच्याच घशात कशाला?"
आणि अंगावरच्या शहापुरी लुगड्याचा पदर
टर्रकन फाडून, दुहेरी करून,
घागरीच्या तोंडाला बांधला.
बसव्वा हसली. आम्ही तिला हसताना
पहिल्यांदाच बघत होतो.

पुढे मी विहिरीच्या भिंतीवर लिहिलं,
पाणी गाळून प्या. वर मराठी, खाली कन्नड.
सोमवारी वरच्या ओळीला डांबर.
मी ओळी उलट्या केल्या. गुरुवारी पुन्हा वरच्या ओळीला डांबर.
वासावरून सांगतो, पिंप एकच होतं.
बाई म्हणाल्या, "अक्षरं ऱ्हाऊ देत.
घागर काढ. घागरीवर फडकं काढ."
घागरीला कुणी डांबर फासलं नाही.

त्यांच्या निळ्या वहीत आमच्या गावापुढे
बेचाळीस होते. मग सतरा. मग तीन.
मग नुसती शून्यं, पानंच्या पानं.
जिल्ह्याच्या ऑफिसातून कागद आला:
सलग तीन वर्षे एकही रुग्ण आढळलेला नाही,
सबब दौरा-भत्त्याबाबत खुलासा करावा.
बाईंनी खुलासा केला:
"रुग्ण नाही." खाली सही.
बढती तशीच राहिली.

गेल्या त्या टिळकवाडीतल्या भाड्याच्या घरात.
स्मशानात माणसं थोडीच, चपला काढून उभी.
मी तोंडं बघितली नाहीत. घोटे बघत होतो.
अकरा वण मोजले,
माझा धरून बारा.

आता चौकाला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय.
कुठली भाषा वर, यावर बैठक मोडली,
दोनदा.
पत्रा माझ्याकडेच पडून आहे.
प्रायमर मारून ठेवलाय.