नियम क्रमांक चौदा

'पुढच्या वा मागच्या अंगणात, कोणत्याही कारणास्तव,
कपडे वाळत घालू नयेत.'
हे वाक्य माझं आहे. अकरा वर्षांपूर्वी लिहिलं,
स्वल्पविरामांसकट मंजूर झालं.

डेटन शहराबाहेर, मक्याची शेतं मोडून वसवलेल्या
आमच्या वसाहतीत घरं एकसष्ट, ड्रायर एकसष्ट,
आणि संध्याकाळी भिंतींतल्या झरोक्यांतून
सगळ्यांचा एकच कोमट, विकतचा सुवास.

एप्रिलमध्ये सत्तावीस नंबरच्या ओडेल हक्स्टेपबाईंनी
गॅरेजच्या खिळ्यापासून नाशपातीच्या झाडापर्यंत
दोरी बांधली.
दोन चादरी, एक परकर, सात मोजे
(आठवा कुठे गेला, ते मी खिडकीतून बराच वेळ शोधत होतो).

मी पत्र पाठवलं. मग दुसरं.
तिसऱ्यात दंड, दरमहा पंचवीस डॉलर.
त्या स्वतः चेक घेऊन यायच्या, चालत,
चेकच्या पाठीवर पेन्सिलीनं बारीक आकडा:
'वाचलेली वीज, बेचाळीस युनिट.'
'म्हणजे तुम्ही तोट्यात आहात,' मी म्हणालो.
'कोणाच्या वहीत?' त्यांनी विचारलं.

तीस वर्षं टायरच्या कारखान्यात हिशेब लिहिलेली बाई.
वही ब्रेडच्या डब्याशेजारी असते, लाल पुठ्ठ्याची.
मला दाखवली, कारण मी पेन मागायला गेलो होतो
आणि चहा घेऊन बसलो.
जमेच्या बाजूला बारीकसारीक:
थर्मोस्टॅट दोन अंश खाली, अंगात क्लेटनचा स्वेटर,
कोपराला तीनदा रफू.
बीफ आता फक्त रविवारी.
नावे बाजूला एकच भली मोठी रक्कम,
टूसॉनचं विमान, लेकीकडे, वर्षातून एकदा,
आणि त्या आकड्यासमोर वर्षभराची सगळी जमा
मुंगीसारखी.

'मग उपयोग काय?' मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.
त्यांनी कप विसळला, पाणी पुदिन्याच्या कुंडीत ओतलं.
'मुद्दल फिटायचं नाही, वेंडल. माझ्याच्यानं तर नाहीच.
पण उधारी आहे हे माहीत असताना
दुकानात जाऊन आणखी उचलायची,
ते मला जमत नाही.'

ऑगस्टमध्ये माझा ड्रायर बंद पडला.
दुरुस्तीवाला म्हणाला, भाग यायला नऊ दिवस.
ओले शर्ट मी न्हाणीघरात टांगले, ते आंबले.
मग गॅरेजमध्ये, दार लावून,
जुन्या बोटीचा दोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
स्वतःच्या घरात चोरासारखा.
चौथ्या रात्री उकाडा इतका की दार अर्धं उघडलं,
आणि सकाळी टॉवेल पापडासारखा कडक,
तोंड पुसताना गाल खरचटला.
त्याला कसलाच वास नव्हता.
मी तो पुन्हा हुंगला. कसलाच नाही.
इतकी वर्षं मी ज्याला स्वच्छ म्हणत होतो
ते बाटलीतून यायचं.

पायरीवर कापडी पिशवी होती.
आत लाकडी चिमटे, चोवीस, काहींच्या स्प्रिंगा गंजलेल्या,
आणि वहीच्या पानाचा तुकडा:
'वापरलेले. किंमत नाही.'

नियम अजून आहे.
सप्टेंबरच्या बैठकीत मी तो बदलायला सुचवलं,
बत्तीस विरुद्ध अठ्ठावीस, हरलो.
एक घर गैरहजर होतं, लेकीकडे गेलेलं.
माझा ड्रायर दुरुस्त झालाय. पावसात लावतो,
आणि कंटाळा आला की, हेही कबूल.
बाकीचे दिवस दोरी अंगणात आहे, उघड,
आणि वाऱ्यात माझ्या विजारी जगाला लाथा मारत असतात.

काल सचिव म्हणून मी मलाच पत्र लिहिलं.
पहिलं, दुसरं, नेहमीचा मसुदा.
तिसरं वाचताना लक्षात आलं,
भाषा जरा उर्मट आहे.