काटा फाइलीत मावत नाही

कीबोर्ड पिवळा पडलाय. वसमतच्या मोंढ्यात
चैत्रात काहीच पिवळं व्हायचं राहत नाही:
चहाची बशी, नोटांच्या कडा, माझ्या ओढणीची किनार.
पंखा हळद इकडून तिकडे करतो
आणि पडद्यावर लाल अक्षरांत तीच ओळ, सातव्यांदा:
हा ऑब्जेक्ट साठवता येत नाही.

कुठला, ते सांगत नाही. म्हणजे सांगतं,
पण चाळीस ओळी खाली,
भांडणातला खरा मुद्दा
माणूस चप्पल घालता घालता बोलतो, तसं.

पावतीत काय काय आहे, मी बोटांवर मोजते.
नाव. गाव: कुरुंदा, आंबा चोंढी, कुठलं कुठलं.
पोती. भाव. आडत्याचं खातं. हमाली.
एकेकाला बाहेर काढून बघते,
डाळीतला खडा चाचपावा तशी.
नाव साठतं. गाव साठतं.
हमालीसुद्धा साठते, कुरकुर न करता.

"काय म्हणायलंय कंप्युटर?" नागोराव मापाडी विचारतात.
"पावती मिटून ठेवता येईना. लाइट गेली की
आतलं सगळं जातं."
"मंग कागदावर लिहा की."
हे उत्तर इतकं बरोबर आहे
की मला त्यांचा राग येतो.

साडेदहाला सापडलं.
पांपटवारला हैदराबादला जाऊन दोन वर्षं झाली;
जाताना कोडात लिहून गेला होता,
'इथं हात लावू नये.'
मी लावला.
तिथं, पावतीच्या पोटात, त्यानं काटाच ठेवला होता.
काट्यावरचा आकडा नव्हे. काटा.
पोर्टाला जोडलेला, वायरीसकट,
माशी बसली तरी हलणारा,
आणि संगणकाला सांगितलं होतं: याची घडी घाल.
दोन वर्षं ते बिचारं
घडी घालायला जात होतं आणि ओरडत होतं,
आणि कुणीतरी ते ओरडणं
एका रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये कोंडून ठेवलं होतं.

काट्याच्या आधी मी एक शब्द लिहिला: ट्रान्झियंट.
म्हणजे, याला सोबत नेऊ नकोस. राहू दे इथंच.

पावती साठली. मी पाठ टेकली,
आणि मग कालच्या पावत्या उघडायला गेले.
एकही उघडेना. अकराशे बारा.
एका शब्दानं साचा बदलला होता,
साच्याचा क्रमांक बदलला होता,
आणि जुन्या फायली म्हणत होत्या, आम्ही तुला ओळखत नाही.
दाढी उतरवून आलेल्या मामूला
अम्मीनं दारातूनच विचारलं होतं, कोण पाहिजे?
तो हसला तेव्हा कुठं आत घेतलं.

जुना क्रमांक शोधला. एकोणीस आकडी,
पुढं उणेचं चिन्ह.
चुकू नये म्हणून मोठ्यानं वाचत हातानं भरला;
वॉचमन एकदा डोकावून गेला.
मग उघडल्या, एकदम,
गोदामाचं शटर वर गेल्यासारख्या.

सकाळी काट्याच्या जागी काहीच नाही.
शून्यही नाही. नल.
साठवताना वगळलेलं आपोआप परत येत नाही,
उघडल्यावर पुन्हा जोडावं लागतं;
त्या चार ओळी झोपेनं खाल्ल्या होत्या.
मी लिहीपर्यंत नागोराव फडक्यानं
काट्याचा पत्रा पुसत होते.
"कालची हळद ऱ्हायली की पहिल्या पोत्याला फटका बसतो, आरेफा."
"झालं. चढा बरं त्याच्यावर."
"मी?"
"पोतं यायचंय अजून."

ते चढले. चपलेसकट.
प्रिंटर खरखरला:
माल हळद. नाव रिकामं. पोती एक.
वजन एकसष्ट किलो चारशे.
"भाव काय लागला?" त्यांनी वाकून विचारलं.

ती पावती मी खोडली नाही.
साठवली. मेन स्विच पाडला.
पंखा थांबेपर्यंत आम्ही दोघं गप्प उभे.
चालू केलं. उघडली.
एकसष्ट चारशे. चपलेसकट.