जाड की बारीक

तिसऱ्या सलाइननंतर
बोटांतून गिरणी निघून गेली.

म्हणजे गिरणी होती जागेवरच,
वाढोण्याच्या बस थांब्यामागे,
पट्टा तसाच फडफडत होता, लाइट तशीच ये-जा करत होती.
पण सुताराच्या बायकोचे गहू दळताना
तोंडाखाली हात धरला, चिमट घेतली,
अंगठा बोटावर फिरवला
आणि काहीच कळलं नाही.
जाड आहे की बारीक,
पीठ आहे की नुसता वारा.

बावीस वर्षं
चाक किती कसायचं ते बोट सांगायचं,
डोळा नाही.

केसांचं मला एवढं नव्हतं.
गिरणीत डोकं तसंही पांढरंच असायचं, वर रुमाल.
गीताबाई ढोके रडली, मीच तिला पाणी दिलं.
पाण्याला मात्र लोखंडाची चव आली होती,
जसे कोणी विहिरीत विळे बुडवून ठेवलेत.
अंबाडीच्या भाजीचा वास तीन घरं ओलांडून यायचा
आणि पोट उलटं फिरायचं.
संत्र्याची एक फोड आलेल्या तोंडात ठेवली
तर भर दुपारी काजवे दिसले.
ज्वारीची आंबील तेवढी उतरायची, गार करून,
प्रज्योत समोर बसून घोट मोजायचा.

डॉक्टर म्हणाले, "असं होतंच."
कागदावरून मान वर न करता.
मामेसासरे बाहेर आल्यावर म्हणाले,
"त्याले कायले इचारतं वं? थो शिकेल हाय."

चौथ्या खेपेला मी उधारीची वही घेऊन गेले.
डाव्या पानावर गावाचं दळण,
उजव्या पानावर माझं:

मंगळवार. उलट्या पाच. ताप नाही.
बुधवार. ब्लाउजचं हुक लागलं नाही.
पोराला हाक मारायची लाज वाटली, पदर घेऊन बसले.
शुक्रवार. पायातली चप्पल निसटली, दहा पावलांनी कळलं.
शनिवार. तवा लागला.
वास आधी आला. चटका आलाच नाही.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं.
आवाज जरा मोठाच निघाला,
पट्ट्यावरून ओरडायची सवय.
"माह्या गिरणीतून पिठात खडा गेला
तं मी गिऱ्हाइकाले 'असं होतेच' नाही म्हनत.
चाक खोलून पायतो.
औषध मले पायजे. पुरं पायजे.
पन चाक लय कसलं तं पीठ जळते, साहेब.
दाना थोच, पीठ खराब.
हप्त्याहप्त्याले थोडंथोडं नाही का देता येत?"

(हे शेवटचं सिस्टर मडावीनं सांगितलं होतं,
बाथरूमच्या दारात, हळूच: विचारून तर पाहा.)

डॉक्टरांनी वही ओढून घेतली.
उजवं पान वाचता वाचता डावंही वाचलं असणार,
डांगोरे, गहू, दोन पायली, पैसे बाकी.
हसले नाहीत.
माझी बोटं एकेक दाबून पाहिली, डोळे मिटायला लावून.
मग पेन काढलं
आणि आधीचा आकडा खोडला.

आता दर सोमवारी जाते, पहाटेच्या एसटीनं.
तिकिटाचा खर्च तिप्पट झाला, तो वेगळा.
पिशवी टांगण्याआधी म्हणते, सिस्टर, वाचा.
नाव. आकडा. मोठ्यानं.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणते,
"काहून वं, भरोसा नाही का?"
आहे ना.
पण खडूनं नाव लिहिलेले डबेसुद्धा
माझ्या हातून दोनदा बदललेत,
एकदा तर उपासाच्या घरी बाजरी गेली.
"मले लिवता येत नाही," ती म्हणाली, बऱ्याच वेळानं.
मी म्हटलं, रेघा मार आजी.
एका उलटीची एक रेघ.

बोटं परत आली का, लोक विचारतात.
दोन आलीत. बाकीची अजून बाहेरगावी.
तोवर पीठ मी गालाला लावून पाहते,
तोंडाखाली वाकून, डोळे मिटून,
आणि ओरडते,
प्रज्योत,
चाक अर्धा आटा सैल कर.